साथीची पेटी आणि समीक्षेची अढी

पियानोवर एकट्याने मैफल रंगवणाऱ्या कलावंताचे चरित्र मराठीत का दिसत नाही, असे साहित्याच्या वर्गात कोणी विचारले, तर उत्तर ठरलेले असते : ते वाद्य आपले नव्हे. शहादा तालुक्यातील आमच्या ब्राह्मणपुरीपुरते ते उत्तर खरेही वाटेल. परंतु भजनाला लागणारी पेटी तरी मुळात कोठली? तीही युरोपातूनच आली. आपण तिला जमिनीवर मांडले, एका हाती भाता दिला आणि ती आपली झाली. तेव्हा अडचण वाद्याच्या परकेपणाची नाही. पेटीवादकाला आपण स्वतंत्र कलावंत मानले नाही, ही खरी अडचण आहे.

गोविंदराव टेंबे (1881-1955) यांचेच पाहा. 1911 च्या 'मानापमान'चे संगीत त्यांचे. 1913 साली स्थापन झालेल्या गंधर्व नाटक मंडळीच्या संस्थापकांपैकी ते एक. 1932 च्या 'अयोध्येचा राजा'त हरिश्चंद्र तेच आणि संगीतकारही तेच. या सर्व कीर्तीच्या मुळाशी होती ती त्यांची पेटी. तरीही त्यांचे 'माझा संगीत व्यासंग' आपण उघडतो ते भास्करबुवा आणि अल्लादियाखाँ यांच्याविषयी काही सापडते का, हे पाहण्यासाठी. एका वादकाच्या कानाची आणि बोटांची घडण म्हणून ते पुस्तक किती वर्गांत वाचले जाते? पु. ल. देशपांडे यांच्या पेटीचेही तेच. तिचे कौतुक सर्वांना, पण लेखकाचा छंद म्हणून! त्या बोटांतील लयीचा त्यांच्या वाक्यांच्या लयीशी काही संबंध असेल, असा विचार आमच्या समीक्षेला सहसा शिवत नाही.

पेटीवर मींड निघत नाही, तिचे स्वर बांधलेले, म्हणून ती दुय्यम, हा आक्षेप जुना आहे. तो निखालस खोटा आहे असे आम्ही म्हणत नाही. पण पियानोचे स्वरही बांधलेलेच असतात. शिवाय पट्टी दाबून धरली तरी त्याचा नाद विरत जातो. या उणिवेपायी युरोपाने पियानोवादकाला गायकामागे बसवून ठेवले नाही. त्या मर्यादेतूनच त्या वाद्याचे स्वतंत्र वाङ्मय उभे राहिले. आपण मात्र मर्यादा दिसताच निकाल देऊन मोकळे झालो. 1940 साली आकाशवाणीने पेटीवर बंदी घातली. 1971 साली ती सैल झाली, तीही साथीपुरती. एकल वादनाला दार तेव्हाही बंदच राहिले. म्हणजे पेटी चालेल, पण तिने स्वतःचे काही बोलू नये!

हीच अट आमच्या भाषेनेही घातली आहे. अप्पा जळगावकर (1922-2009) किंवा तुळशीदास बोरकर (1934-2018) यांच्याविषयी लिहिताना आपली लेखणी प्रथम त्यांनी कोणाकोणाला साथ केली, त्या गायकांची यादी देते. या दोघांना संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला, बोरकरांना 2016 मध्ये पद्मश्रीही मिळाली. तरी ती यादी काही मागे सरत नाही. 'अनुरूप साथ' या दोन शब्दांत वृत्तान्त आटोपतो. वादकाने कोठे वाट दाखवली, कोठे मुद्दाम मौन धरले, एकट्याने बसल्यावर राग कसा मांडला, हे सांगणारी परिभाषा आपण घडवलीच नाही. आणि ती नाही म्हणून चरित्रही नाही.

साथ करणे कमीपणाचे, असे आम्हांस सुचवायचे नाही. साथ ही कला आहे. पण ती त्या माणसाची संपूर्ण ओळख नव्हे. हे काम संगीतज्ञांवर ढकलून साहित्याच्या अध्यापकांना सुटता येणार नाही, कारण विशेषणे आपण पुरवली आहेत. टेंब्यांचे पुस्तक पुन्हा उघडावे आणि या वेळी गायकांची नावे न शोधता वाचावे. आम्हीही ते आजवर शोधतच वाचत आलो, ही कबुली येथे दिलेली बरी.