पिंपात पिवळी, दोरीवर निळी

शाळेच्या पुस्तकातले एक वाक्य बहुतेकांना तोंडपाठ असते : भौतिक बदल उलटवता येतो, रासायनिक बदल उलटवता येत नाही. परीक्षेपुरते ते ठीक आहे. परंतु हेच वाक्य घेऊन सोलापुरात एक फेरी मारा, म्हणजे त्याची कशी त्रेधा उडते ते दिसेल.

ज्वारी दळून आणली. पदार्थ तोच, आकार तेवढा बदलला. म्हणजे बदल भौतिक. आता त्या पिठाचे पुन्हा दाणे करून दाखवा पाहू! त्याच पिठाची कडक भाकरी आमटीत कुस्करली की मऊ होते, कारण वाळताना गेलेले पाणी परत येते. तव्यावर भाजताना जे घडले ते मात्र कितीही आमटी ओतली तरी फिरत नाही.

पण खरी मौज सुताच्या रंगात आहे. चादरी आणि टॉवेल विणणाऱ्या या गावाला पक्क्या रंगाचे महत्त्व सांगायला नको. पक्क्या रंगांत ‘व्हॅट’ रंगांचे घराणे नावाजलेले, आणि त्या घराण्यातली आजी म्हणजे नीळ. नीळ पाण्यात विरघळत नाही. मग ती धाग्याच्या पोटात शिरणार कशी? म्हणून पिंपात कॉस्टिक सोडा व हायड्रोसल्फाईट घालतात. निळीचे क्षपण होते, निळा रंग मावळून पाणी पिवळट हिरवे दिसू लागते व नीळ विरघळते. हा बदल निखालस रासायनिक. सुताची लड बुडवून वर काढली तर तीही पिवळट! नवख्याला वाटावे, सगळा माल फुकट गेला. पण हवेतला ऑक्सिजन लागतो आणि बघता बघता लड आधी हिरवी, मग निळी होते. रासायनिक बदल उलटला, मूळची नीळ परत आली. फक्त आता ती धाग्याच्या आत आहे आणि साध्या पाण्याने निघत नाही. बदल उलटला नसता, तर हा रंग पक्का झालाच नसता!

हायड्रोसल्फाईट येण्यापूर्वी हेच काम आंबवणाच्या पिंपातले जंतू करीत. 1897 साली जर्मन कारखान्यातली कृत्रिम नीळ बाजारात आली, 1901 साली रेने बोन यांनी इंडॅन्थ्रीन निळा शोधला. पिंपातली युक्ती मात्र तीच राहिली.

स्वस्त डायरेक्ट रंगांचे उलट असते. ते पाण्यात विरघळणारे; धाग्याला नुसते चिकटून बसतात. कसलाही नवा पदार्थ बनत नाही, म्हणून बदल सहज उलटतो, आणि उलटून शेजारच्या पांढऱ्या सदऱ्यावर जाऊन बसतो. नवी चादर इतर कपड्यांत टाकण्यापूर्वी ओले पांढरे फडके तिच्या कोपऱ्यावर घासून पाहावे, ते याचसाठी.

आणि निळीवरचा डाग काढायला ब्लीचिंग पावडर घेणार असाल, तर जरा थांबा. क्लोरीन निळीचा रेणूच मोडतो. मग ती लड दिवसभर वाऱ्यावर टांगली, तरी गेलेला निळा परतत नाही.