ना बालक, ना प्रौढ

दरवर्षी ८ मे रोजी जागतिक थॅलेसेमिया दिन पाळला जातो. त्या निमित्ताने रक्तदानाची शिबिरे भरतात, भाषणे होतात. आणि ते योग्यच आहे. या आनुवंशिक व्याधीचे तीव्र स्वरूप ज्याच्या वाट्यास आले, त्या मुलाला दर दोन ते चार आठवड्यांनी परक्याचे रक्त घेऊनच जगावे लागते. परंतु रुग्णालयातील खाटेवर पडून रक्त घेणाऱ्या १५ वर्षांच्या मुलाच्या मनात काय चालले आहे, याची विचारपूस मात्र क्वचितच होते.

वारंवार घेतलेल्या रक्तातून शरीरात लोह साचते. त्याने वाढ खुंटते, वयात येणे लांबते. दहावीतला मुलगा कित्येकदा पाचवी-सहावीतल्या मुलाएवढा दिसतो आणि जग त्याला तसेच वागवते. डॉक्टर त्याच्यादेखत त्याच्याविषयी वडिलांशी बोलतात. उलट अनेक सार्वजनिक रुग्णालयांत बालविभागाची मर्यादा १२ वर्षांची. ती ओलांडली की खाट मोठ्या माणसांत! एकीकडे बाळ म्हणून कुरवाळणे, दुसरीकडे प्रौढ म्हणून एकटे टाकणे.

याच वयात ही मुले लोह काढून टाकणारी औषधे चुकवू लागतात, सुईला नकार देतात, भिंतीकडे तोंड करून निजतात. वडीलधारी माणसे याला हट्ट म्हणतात. शिक्षक असताना आम्हीही अशी चूक केली आहे. मधूनमधून गैरहजर राहणाऱ्या आणि कारण न सांगणाऱ्या एका मुलाला आम्ही उद्धट ठरविले. ते दिवस तो रुग्णालयात काढीत होता, हे फार उशिरा कळले. आपले दुखणे चारचौघांत उघडे पडू नये, एवढीच त्याची धडपड होती. ज्याच्या शरीरावर सदैव इतरांचीच सत्ता, त्याच्या हाती 'नाही' म्हणण्यावाचून उरते काय? मात्र लोह हृदयातही साचते. हा नकार जिवावर बेतू शकतो. म्हणूनच तो रागावून मोडता येणार नाही, समजूनच घ्यावा लागेल.

१० ते १९ या वयोगटासाठी २०१४ साली राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम सुरू झाला. मानसिक आरोग्य हा त्याचा एक विषय. कागदावर उणीव नाही. उणीव आहे ती खाटेशेजारी. प्रत्येक रक्तसंक्रमण केंद्रात एक समुपदेशक, किशोरांसाठी पडद्याआडची वेगळी जागा, शाळेशी दुवा राखणारा शिक्षक आणि आईबापांना बाहेर थांबवून मुलाशी दहा मिनिटे बोलण्याचा डॉक्टरांचा परिपाठ, एवढे तरी झालेच पाहिजे. यास फार मोठा खर्च नाही.

उद्या ज्याला आपले औषध स्वतःच्या हाताने घ्यावयाचे आहे, त्याला आज आपल्या आजाराविषयी बोलण्याचा अधिकार असावा. येत्या ८ मे रोजी शिबिरे भरविणाऱ्यांनी रुग्णालयांपुढे ही मागणीही ठेवावी, असे आमचे आग्रहाचे सांगणे आहे.