घटातील धान्य आणि काचेची पाटी



अक्षय्य तृतीया म्हणजे आपल्या घरांत भगवान ऋषभदेवांच्या पारण्याचा, उसाच्या रसाचा दिवस. आपल्या बुलढाणा जिल्ह्यात मात्र त्या संध्याकाळी लोकांचे लक्ष आणखी एका गोष्टीकडे लागलेले असते. जळगाव जामोद तालुक्यातील भेंडवळ या गावी एका शेतात घट मांडला जातो. मध्यभागी खड्डा, त्यात मातीची ढेकळे, त्यांवर पाण्याने भरलेली घागर, घागरीवर पापड, कुरडई, वडा, भजे असे पदार्थ आणि सभोवती वर्तुळात मांडलेली अठरा धान्ये. रात्रभर तेथे कोणी फिरकत नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे वाघ घराण्यातील जाणते पुरुष त्या मांडणीचे निरीक्षण करतात आणि पाऊस कसा होईल, कपाशी पिकेल की नाही, ज्वारीला भाव मिळेल की नाही, याचे भाकीत सांगतात. या परंपरेला तीनशेहून अधिक वर्षे झाली असे मानतात. विवेकवादी मंडळी तिच्यावर आक्षेप घेतात आणि त्यांचे म्हणणे ऐकून घेण्यासारखे आहे. तरीही त्या पहाटे शेतकरी तेथे जमतात आणि ते भाकीत दुपारपर्यंत खामगाव-मलकापूरच्या अडत दुकानांत पोहोचलेले असते.

माझ्या लहानपणी मी अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, एकदा विचारले होते, "हे सारे खरे होते का?" कापड मोजता मोजता ते म्हणाले, "खरे होते की नाही ते पावसाला विचार. मी एवढेच पाहतो, की ते ऐकून कोणी आपली सारी जमीन एकाच पिकाखाली आणतो का. तसा शेतकरी मला अजून भेटलेला नाही."

हे उत्तर आज पुन्हा आठवण्याचे कारण असे, की आता भाकिते केवळ भेंडवळहून येत नाहीत. ती रोज सकाळी हातातल्या फोनवर येतात. अमुक यंत्र आले की दुकाने बंद पडतील, तमुक साधन आले की हिशेबनीस लागणार नाहीत, पुढील पाच वर्षांत शिक्षकही लागणार नाहीत, असे ठाम स्वरात सांगणारे पुष्कळ आहेत. व्यापारी घराला अशा बोलण्याकडे दुर्लक्ष करून चालत नाही आणि त्यावर विसंबूनही चालत नाही. मग त्याचा तोल कसा सांभाळावा?

प्रथम थोडे मागे जाऊ. १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तेथील कापूस इंग्लंडला मिळेनासा झाला आणि वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचे मोल आले. त्या काळी मुंबईच्या बाजारात सर्वांत मोठे नाव होते प्रेमचंद रायचंद यांचे. ते आपल्याच समाजातले. मुंबईचा राजाबाई टॉवर त्यांनी दिलेल्या देणगीतून, त्यांच्या मातोश्रींच्या नावाने उभा आहे. असे सांगतात, की विलायतेहून येणारी बोट बंदराला लागण्यापूर्वीच त्यांची माणसे होडीने पुढे जात आणि लिव्हरपूलचा भाव इतरांच्या आधी त्यांच्या हाती पडे. त्या काळची ही सर्वांत वेगवान माहितीसेवाच म्हणायची. पण भाव आधी कळणे वेगळे आणि भाव पुढे काय होईल हे कळणे वेगळे. युद्ध लांबेल, कापूस चढाच राहील, या समजुतीवर मुंबईत नवनव्या कंपन्या निघाल्या आणि त्यांच्या भागांचे मुदतीचे सौदे झाले. एप्रिल १८६५ मध्ये युद्ध संपत आल्याचे स्पष्ट झाले आणि कापूस कोसळला. सौद्यांची मुदत १ जुलै १८६५ रोजी भरली, तेव्हा असंख्य पेढ्यांना देणे देता आले नाही. खुद्द प्रेमचंदही त्यात बुडाले. पुढे ते सावरले, पण सगळ्यांना सावरता आले नाही.

यानंतर पाच वर्षांनी, १८७० मध्ये, लॉर्ड मेयो यांच्या हस्ते जलंब-खामगाव हा लोहमार्ग सुरू झाला. जेमतेम तेरा किलोमीटरचा हा फाटा खास कापसासाठी टाकलेला होता. त्याच वर्षी जूनमध्ये मुंबई आणि इंग्लंड समुद्राखालच्या तारेने जोडले गेले. जी बातमी बोटीने यायला तीन-चार आठवडे लागत, ती आता काही तासांत येऊ लागली. होड्या पाठवून आधी बातमी मिळवण्याची मातब्बरी संपली. तरी आपल्या पूर्वजांची अडत संपली नाही, कारण तार भाव सांगे, पण समोरच्या गाडीतील कापूस ओला आहे की कोरडा, आणि विकणारा माणूस शब्दाचा पक्का आहे की नाही, हे तिला सांगता येत नव्हते.

आता आपल्या काळाकडे येऊ. पाटीसारख्या सपाट संगणकाची, म्हणजे टॅब्लेटची, कल्पना बरीच जुनी आहे. २००१ साली बिल गेट्स यांनी असे भाकीत केले होते, की पाच वर्षांत हाच अमेरिकेत सर्वाधिक विकला जाणारा संगणक ठरेल. पाच वर्षे उलटली, तसे काही घडले नाही. मग २७ जानेवारी २०१० रोजी स्टीव्ह जॉब्स यांनी आयपॅड जगापुढे ठेवला. तो हातोहात खपला आणि लगेच नवे भाकीत आले, की आता टेबलावरचे संगणक इतिहासजमा होणार. आपल्या देशातही ५ ऑक्टोबर २०११ रोजी दिल्लीत तत्कालीन मंत्री कपिल सिब्बल यांनी 'आकाश' हा टॅब्लेट प्रकाशित केला. पस्तीस डॉलरचा टॅब्लेट म्हणून जगभर त्याचा गाजावाजा झाला. प्रत्येक विद्यार्थ्याच्या हाती पाटीऐवजी तो येईल असे स्वप्न होते. पण पडदा मंद, यंत्र संथ, पुरवठा अपुरा. काही वर्षांत ती योजना मागे पडली. जगातील टॅब्लेटची विक्रीही २०१४ नंतर काही वर्षे उतरणीला लागली.

त्या लाटेत आम्हीही एक टॅब्लेट घेतला होता. सुरतेचे व्यापारी आता साड्यांचे नमुने यावरच पाठवतील, गठ्ठे उलगडावे लागणार नाहीत, असे मी अण्णांना मोठ्या उत्साहाने पटवले. नऊ हजार रुपये मोजले. अण्णा त्याला 'काचेची पाटी' म्हणत. दोन हंगाम ती गल्ल्याशेजारी राहिली. गिऱ्हाइकाला साडी हाताने चाचपून पाहायची असे आणि पाटीवर बोट फिरवून पोत कळत नसे. शेवटी ती घरी गेली आणि आई तिच्यावर दुपारी प्रवचने ऐकू लागली. डोळे अधू झाल्याने मोठी अक्षरे तिला बरी वाटत. नऊ हजार वाया गेले असे मी म्हणणार नाही. ज्यासाठी ते घातले त्यासाठी उपयोगी पडले नाहीत, एवढेच.

नमुने पाठवण्याचे काम खरोखरच बदलले, पण ते फोनने बदलले. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आल्यावर डेटा स्वस्त झाला आणि साडीचे छायाचित्र मेहकर-लोणारच्या गिऱ्हाइकाला क्षणात जाऊ लागले. त्याच वर्षी एप्रिलमध्ये यूपीआयची सुरुवात झाली होती. आज भाजीवाल्या मावशींच्या पाटीवरही चौकोनी ठिपक्यांचा कागद असतो. २०११ साली टॅब्लेटविषयी रकाने भरून लिहिणाऱ्यांपैकी कोणी या कागदाविषयी लिहिल्याचे माझ्या तरी वाचनात आले नव्हते. म्हणजे दिशा बरोबर होती, माणसाच्या हातात सपाट काचेचे यंत्र येणार होते. पण ते कोणत्या आकाराचे असेल, कोणत्या कामाला लागेल आणि त्याचे पैसे कोण मिळवील, हे तिन्ही अंदाज चुकले.

शोधयंत्रांची गोष्ट याहून जिव्हारी लागणारी आहे. २०१९ मध्ये अण्णा गेले. दुकान काही दिवस बंद होते. त्या काळात कोणीतरी, बहुधा चांगल्या हेतूनेच, फोनवरील एका नकाशावर आमचे दुकान 'कायमचे बंद' असे नोंदवले. आम्हाला त्याचा पत्ता नव्हता. पुढे लग्नसराई आली. तीन पिढ्या आमच्याकडून बस्ता बांधणारे मलकापूरचे एक घर त्या वर्षी आलेच नाही. पुढे एका कार्यात त्या घरातील काकू भेटल्या. त्या म्हणाल्या, "आम्हाला वाटले, अण्णा गेले, दुकानही गेले. मुलाने फोनवर पाहिले, तेथेही तसेच लिहिले होते." मी घरी येऊन पाहिले तर खरेच तसे लिहिलेले. दुरुस्ती करायला पुतण्याला दहा मिनिटे लागली. पण त्या हंगामाचे गिऱ्हाईक परत आले नाही. दुकान उघडे होते, दिवा लागत होता, आणि तरी जगाच्या लेखी ते बंद होते. ज्यांनी आपल्या दुकानाची नोंद अद्याप तपासली नसेल, त्यांनी हा अंक खाली ठेवून आधी ती तपासावी. नाव, वेळ, दूरध्वनी क्रमांक आणि साप्ताहिक सुटी, एवढे तरी आपल्या हातचे असावे.

आता शोधण्याची पद्धतच बदलते आहे. ३० नोव्हेंबर २०२२ रोजी चॅटजीपीटी आले, आणि पत्त्यांची यादी देण्याऐवजी थेट उत्तर देणारी साधने रूढ होऊ लागली. गार्टनर या अमेरिकी सल्लागार संस्थेने फेब्रुवारी २०२४ मध्ये असे भाकीत केले, की २०२६ पर्यंत जुन्या पद्धतीच्या शोधाचे प्रमाण पंचवीस टक्क्यांनी घटेल. ते कितपत खरे ठरले हे मोजणारे मोजतील. आपण मात्र ही साधने काम कशी करतात हे समजून घ्यावे. अफाट मजकूर वाचून, कोणत्या शब्दापुढे कोणता शब्द येण्याचा संभव अधिक, याचा हिशेब ती करतात. म्हणून उत्तर नेहमी सुबक असते, पण ते बरोबर असेलच असे नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून तयार कपड्यांवरील जीएसटीची मर्यादा बदलली. पूर्वी हजार रुपयांपर्यंतच्या नगाला पाच टक्के होते, ते आता अडीच हजारांपर्यंत झाले आणि त्यापुढे अठरा टक्के. त्यानंतरही आमच्या पुतण्याला अशा एका साधनाने जुनाच दर मोठ्या आत्मविश्वासाने सांगितला. त्याने करसल्लागाराला विचारून घेतले म्हणून बिले चुकली नाहीत. विचारले नसते तर नोटीस त्या साधनाला आली नसती, आमच्या नावाने आली असती.

हाच पुतण्या पुण्यात नोकरी करीत होता. गेल्या वर्षी त्याने मला विचारले, "काका, छोटी दुकाने दहा वर्षांत संपतील असे सगळे म्हणतात. मी परत यावे का?" त्याच वेळी घर गहाण ठेवून दुकानावर मजला चढवण्याचा माझा विचार चालू होता, कारण दुसरे काही जण सांगत होते, की लहान गावांतच आता खरी खरेदी वाढणार. दोन भाकिते समोर होती आणि दोन्ही सांगणारे शिकलेले होते.

तेव्हा अण्णांचे उत्तर आठवले. भाकीत खरे की खोटे, हे ठरवणे आपल्या हाती नाही. ते खोटे ठरले तर आपले किती जाते, हे मात्र आपल्याला मोजता येते. आम्ही दोघे वही घेऊन बसलो. मजला चढवला आणि गिऱ्हाईक वाढले नाही, तर घर जाते. तो परत आला आणि दुकान चालले नाही, तर दोन वर्षांचा पगार जातो, पण वय हाताशी असल्याने नोकरी पुन्हा मिळू शकते. तो आला नाही आणि दुकान चालण्याजोगे होते, तर तीन पिढ्यांची ओळख जाते आणि ती पुन्हा विकत मिळत नाही. हिशेब मांडल्यावर निर्णय सोपा नव्हता, पण दिसू लागला. मजल्याचा विचार सोडला. तो दोन वर्षांसाठी आला आहे. दोन वर्षांनी पुन्हा वही उघडायची, असे ठरले आहे.

आपल्या परंपरेत विधानाआधी 'स्यात्' हा शब्द आहे. त्याचा अर्थ 'कदाचित' असा सैल घेतला जातो, पण तो 'एका अपेक्षेने' असा आहे. भाकीत ऐकताना तो मनात लावून पाहावा. दुकाने संपतील, पण कोणाची, कोणत्या मालाची, कोणाच्या दृष्टीने? ज्याला विमा विकायचा आहे, ज्याला यंत्र विकायचे आहे आणि ज्याला केवळ लेख लिहायचा आहे, त्या प्रत्येकाची अपेक्षा वेगळी असते. मीही त्यांतलाच, म्हणून माझा अंदाज त्याच शब्दासह सांगतो. २०१७ पासून फोनशी मराठीत बोलून टंकलेखन करता येऊ लागले आहे. पुढे खेड्यातील आजी आपल्या वऱ्हाडी बोलीत फोनला विचारील, की नातीच्या लग्नाला लुगडे कोठे चांगले मिळेल. त्या क्षणी फोनने आपले नाव घ्यावे असे वाटत असेल, तर आपली नोंद बरोबर हवी आणि त्याआधी आपला माल बरोबर हवा.

गेल्या आठवड्यात मलकापूरच्या त्या काकूंचा दूरध्वनी आला. धाकट्या मुलाचे लग्न ठरले आहे. त्यांनी विचारले, "दुकान उघडे आहे ना?" फोन पुतण्याने घेतला होता. तो म्हणाला, "उघडे आहे, काकू. या."