विश्लेषण : गणपतीचे डोळे कोणी आखले?

गणेशमूर्तींवरचा वाद काही वर्षे एकाच प्रश्नाभोवती फिरतो आहे. शाडू की पीओपी? केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या मे २०२० च्या मार्गदर्शक सूचनांनी पीओपीला मनाई केली. जून २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने अशा मूर्ती घडवण्यास मुभा दिली, पण न्यायालयाच्या परवानगीविना त्यांचे नैसर्गिक जलस्रोतांत विसर्जन नको, असेही बजावले. प्रश्न पाण्याचा आहे, तेव्हा ही चर्चा व्हायलाच हवी. मात्र तिच्यात मूर्ती घडते कशी, हे कोणी विचारत नाही.

यंत्र नेमके किती काम करते?

पेण, हमरापूर, जोहे, कळवे इथल्या कारखान्यांत साचे आहेत, कंप्रेसर आहेत. एका साच्यातून अनेक मूर्ती निघतात. म्हणून ही कला नव्हे, निव्वळ उत्पादन, असे शहरी जाणकार सहज म्हणून जातात. ते मला पटत नाही.

पीओपीचे पातळ मिश्रण रबरी साच्यात ओतले की साचा हाताने फिरवावा लागतो. मिश्रण स्वतःच्या वजनाने सोंडेच्या वळणात, बोटांच्या फटीत उतरते आणि काही मिनिटांत घट्ट होते. साचा नीट फिरला नाही, तर थर एकीकडे जाड, दुसरीकडे पातळ. शाडू साच्यात अंगठ्याने दाबून बसवायचा आणि पावसाळी हवेत सावकाश वाळू द्यायचा. घाई केली की तडा.

कंप्रेसरचे काम तर आणखी थोडे. दाबाखालची हवा रंगाचे बारीक तुषार करते, बस्स. गालावरची लाली, सोंडेखालची सावली किती गडद, हे ठरते मनगट किती अंतरावरून आणि किती वेगाने फिरले त्यावर. हात क्षणभर रेंगाळला की रंग ओघळतो. १९५९ मध्ये स्विस शिल्पकार जाँ टिंगली याने पॅरिसमध्ये स्वतःच चित्रे काढणारी यंत्रे मांडली होती. तिथे हलायचे काम यंत्राचे, कलावंताचा हात बाजूला. पेणमध्ये नेमके उलटे आहे.

मग आखणीचे महत्त्व काय?

पेणचे नाव झाले ते आखणीमुळे. साचा डोळ्याची खाच देतो, नजर देत नाही. पापणीची रेघ, बुबुळ, भुवई हे सारे ब्रशने, श्वास रोखून. दोन बुबुळांत जरासा फरक पडला तरी देव भलतीकडेच पाहतो. हे कसब यायला अनेक हंगाम जातात.

बिघडते आहे कुठे?

पेणहून मोठ्या संख्येने कच्च्या, म्हणजे न रंगवलेल्या मूर्ती बाहेर जातात. त्या दुसऱ्या शहरांत रंगतात आणि ‘पेणची मूर्ती’ म्हणून विकल्या जातात. गावाचे नाव विकले जाते, पण आखणीची मजुरी पेणमध्ये येत नाही. आता नमुना स्कॅन करून थ्रीडी प्रिंटरवर छापणेही शक्य आहे. साच्यासाठीचा नमुना यंत्राने केला तर माझी तक्रार नाही; साचा हेही यंत्रच. पण आखणी करणाऱ्याला पुरेसे पैसे मिळाले नाहीत, तर पुढची पिढी ब्रश हातात घेणार कशाला?

हातमागाच्या कापडासाठी २००६ पासून ‘हँडलूम मार्क’ आहे. सूत तेच असते, पण कापड कसे विणले याला त्यात मोल आहे. मूर्तींसाठीही तसे का नको? माती कुठली आणि आखणी कुठे झाली, या दोन गोष्टी प्रत्येक मूर्तीच्या पाटाखाली लिहिलेल्या असाव्यात. रोह्याचा माणूस रेल्वेने पेणला येऊन कारखान्यात स्वतः पाहू शकतो. पुण्या-मुंबईच्या गिऱ्हाइकाला ती सोय नाही. त्याने निदान ‘शाडूची आहे का?’ याच्या जोडीला ‘डोळे कुठे आखले?’ हेही दुकानदाराला विचारावे.