दारातली उबदार फरशी

गेल्या दिवाळीत, ऐन धनत्रयोदशीच्या संध्याकाळी, माझे सासरे आमच्याच दारात पडले. पणती ठेवायला पोर्चमध्ये उतरत होते. मी धावत गेले तेव्हा ते खाली बसून मनगट धरून म्हणाले, ‘‘अगं, मला वाटलं पायरी संपली.’’ पायरी संपलेली नव्हती. चार इंचांची एक पायरी अजून बाकी होती आणि ती त्यांना दिसलीच नाही. मनगट सहा आठवडे प्लास्टरमध्ये राहिलं.

वाईट याचं वाटलं की ती फरशी मी निवडलेली होती. बडोद्यातलं आमचं टेनामेंट तीन वर्षांपूर्वी नव्याने करून घेतलं, तेव्हा दारात मधाच्या रंगाच्या, लाकडासारख्या दिसणाऱ्या टाइल्स मी मोठ्या हौसेने लावल्या होत्या. पोर्च, पायरी, आतला पॅसेज, सगळीकडे एकच टाइल, म्हणजे जागा मोठी दिसते. वर तपकिरी पायपुसणं, बाजूला सागवानी चपलांचं कपाट. आल्यागेल्याने कौतुक केलं होतं. पण संध्याकाळी दिवा पाठीमागून लागला की पायरीवर स्वतःचीच सावली पडते आणि मधाच्या रंगात मधाचाच रंग मिसळून जातो, हे सत्त्याहत्तर वर्षांच्या डोळ्यांनी मी कधी पाहिलंच नव्हतं.

त्यामुळे या वेळच्या लेखात दारातल्या उबदार रंगाच्या फरशीबद्दल लिहायचं ठरवलं. विटकरी, गेरूसारखी, बदामी, हळदी, गव्हाळ, तांबूस या रंगांची फरशी दारात असली की घर हात पसरून बोलावतंय असं वाटतं, यात शंका नाही. आमच्या दारात आजही तीच टाइल आहे. तिच्या भोवतीचं बरंच काही मात्र बदललं.

कुठली फरशी दारात टिकते?

उबदार फरशी आपल्याकडे नवी नाही. कोकणात आणि गोव्यात जांभा आहे, कोलकात्याच्या जुन्या घरांत लाल सिमेंटची जमीन आहे, तमिळनाडूत चेट्टिनाडच्या वाड्यांतून आत्तनगुडीच्या टाइल्स आहेत, राजस्थानात जैसलमेरचा पिवळा दगड आहे. तुम्ही ज्या गावात राहता तिथला माल आणि तिथला कारागीर मिळत असेल, तर आधी त्याचाच विचार करा. नंतर एखादी टाइल फुटली तर बदलून द्यायला माणूस जवळ असतो.

लाल कोबा, म्हणजे रेड ऑक्साइडची जमीन, ही माझी सर्वांत आवडती. सिमेंटमध्ये लोहाचा लाल रंग मिसळून थर देतात, थापीने घोटून गुळगुळीत करतात आणि बरेच दिवस पाणी मारतात. वापराने ती आणखी चमकते. पण दोन गोष्टी लक्षात ठेवा. एक म्हणजे हे काम एका दमात व्हावं लागतं, मध्येच थांबलं की सांधा कायमचा दिसतो. आणि दुसरं, मोठ्या जागेत पट्ट्या टाकून भाग पाडले नाहीत तर तडे जातात. चांगला घोटणारा गवंडी आता शोधावा लागतो. तो सापडला तर त्याने केलेली एखादी जुनी जमीन जाऊन पाहा, नमुन्याच्या तुकड्यावर विश्वास ठेवू नका. जुनं घर घेतलं असेल आणि दारात असा लाल कोबा आधीच असेल, तर कंत्राटदार काहीही म्हणो, तो फोडायची घाई करू नका. बहुतेक वेळा वरचा मेणाचा जुना थर काढून नीट घासून घेतला की आतून छान रंग निघतो.

आत्तनगुडीच्या टाइल्स भट्टीत भाजलेल्या नसतात. काचेवर साचा ठेवून त्यात सिमेंटचे रंग ओततात, वरून वाळू-सिमेंटचा थर देतात, मग त्या पाण्यात मुरवतात. काचेमुळे त्यांना आपोआप गुळगुळीतपणा येतो. हाताने केलेल्या असल्याने दोन टाइल्स तंतोतंत सारख्या नसतात, आणि तीच त्यांची गंमत. छोट्या दारात भरघोस नक्षी मात्र अंगावर येते. मध्यभागी नक्षीच्या नऊ किंवा बारा टाइल्स आणि भोवती साधी लाल किनार, एवढं पुरतं.

जैसलमेरचा पिवळा आणि तपकिरी कोटा हे चुनखडीच्या जातीचे दगड. दिसायला देखणे, पण आंबट पदार्थांशी त्यांचं वैर. लिंबू, व्हिनेगर, बाथरूमसाठीचं अ‍ॅसिड यातलं काहीही लागलं की पॉलिश जाऊन पांढुरका डाग पडतो, तो पुसून जात नाही. सिमेंटच्या टाइल्सनाही हेच लागू. कामाला येणाऱ्या मावशींना हे पहिल्या दिवशीच सांगा. माझ्या एका मैत्रिणीच्या दारात असा एक डाग आहे, त्यावर ती गेली दोन वर्षं कुंडी ठेवते.

जांभा आणि मातीच्या टाइल्स खरखरीत असतात, पाय घसरत नाही. पण त्या पाणी आणि तेल दोन्ही पितात. लावल्यावर सीलर मारून घ्या आणि दर काही वर्षांनी पुन्हा मारा. ज्या दारात ऊन येत नाही आणि पावसाळा चार महिन्यांचा असतो, तिथे त्यावर शेवाळ धरतं. अशा जागी मी त्या सुचवणार नाही.

राहिल्या व्हिट्रिफाइड टाइल्स, ज्या आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी असतात. त्या पाणी जवळजवळ शोषत नाहीत, पुसायला सोप्या असतात, फ्लॅटसाठी सोयीच्या. घेताना बॉक्सवर घसरण-प्रतिबंधाचा आकडा विचारा: आर 9, आर 10, आर 11 असा असतो. आकडा जितका मोठा तितकी पकड जास्त. आतल्या पॅसेजला आर 10 आणि पावसाचं पाणी येणाऱ्या पोर्चला व पायरीला आर 11 घ्यावी. दुकानदार चकचकीत टाइल पुढे करेल, कारण दुकानाच्या दिव्यांत तीच उठून दिसते. तिच्यावर एक पेलाभर पाणी ओतून अनवाणी उभं राहून पाहा. मी तसं केलं नव्हतं.

खरं लाकूड किंवा लॅमिनेट दारात नको, निदान मुंबई, कोची, गुवाहाटीसारख्या ओल्या हवेच्या गावांत तरी. ओल्या छत्रीचं पाणी सांध्यात गेलं की लॅमिनेटच्या कडा फुगतात.

आणि हो, टाइल्सच्या सांध्यात पांढरं ग्राउट भरू नका. दारात ते वर्षभरात काळं पडतं. टाइलपेक्षा एक छटा गडद ग्राउट घ्या, शक्य असेल तर इपॉक्सीचं.

दिवा बदला, फरशी बदलेल

बाबा पडल्यावर मी पहिल्यांदा बदलली ती ट्यूब. आमच्या पोर्चमध्ये 6500 केल्विनची पांढरीशुभ्र एलईडी ट्यूब होती. त्या निळसर उजेडात मधाचा रंग मातकट दिसतो आणि विटकरी रंग मेल्यासारखा. उबदार फरशीला 2700 ते 3000 केल्विनचा पिवळसर दिवा हवा. डब्यावर हा आकडा लिहिलेला असतो. तिथेच सीआरआय असंही लिहिलेलं असतं. तो 90 च्या पुढे असेल तर लाल-तांबूस रंग खरे दिसतात.

पण रंगापेक्षा महत्त्वाचं आहे ते दिव्याचं ठिकाण. दिवा दाराच्या आत असेल आणि माणूस बाहेर उतरत असेल, तर त्याची सावली नेमकी पायरीवर पडते. आमच्याकडे हेच झालं होतं. आता पोर्चच्या छताला पायरीच्या पुढे एक दिवा आहे आणि भिंतीत जमिनीपासून वीतभर उंचीवर एक छोटा दिवा, जो कुणी आलं की आपोआप लागतो. या खालच्या दिव्याचा उजेड पायरीच्या कडेवरून आडवा जातो, म्हणून कड उठून दिसते. फ्लॅटमध्ये भिंत फोडता येत नसेल तर सेन्सर असलेला, चिकटवायचा बॅटरीवरचा दिवाही चालतो.

पायरी वेगळी दिसायलाच हवी

वय वाढतं तसं डोळ्यातलं भिंग पिवळसर होत जातं, मोतीबिंदू नसला तरी. पिवळा, बदामी, तांबूस यांतले बारीक फरक त्यांना कळेनासे होतात. म्हणून ज्या घरात वयस्कर माणसं आहेत तिथे ‘सगळं एकाच छटेत’ हा सल्ला दारापुरता तरी बाजूला ठेवा.

आम्ही पायरीच्या पुढच्या कडेला दोन इंच रुंद काळ्या कडप्प्याची पट्टी बसवली, वरून खरबरीत ठेवून, पॉलिश न करता. तोच कडप्पा, जो आपल्या आयांच्या स्वयंपाकघरातल्या ओट्याला असायचा. कारागिराला टाइल्सच्या कडा कापाव्या लागल्या, दीड दिवस गेला. मधाच्या रंगावर ती काळी रेघ इतकी छान दिसते की ती सजावटीसाठीच आहे असं लोकांना वाटतं.

तुमच्या दारात फरक पुरेसा आहे का हे तपासायची एक सोपी युक्ती आहे. संध्याकाळी, दिवे लावून, मोबाइलवर दाराचा फोटो काढा आणि तो कृष्णधवल करा. फरशी, पायपुसणं आणि पायरीची कड एकाच करड्या रंगाची दिसत असतील, तर तुमच्या घरातल्या आजी-आजोबांनाही ती जवळपास तशीच दिसतात. माझ्या फोटोत पायपुसणं गायबच झालं होतं.

पायपुसणं म्हणून मी आता गडद निळं घेतलं आहे, खाली रबर असलेलं. घर नव्याने करत असाल तर दाराशी पायपुसण्याच्या मापाचा उथळ खळगा ठेवून घ्या. काथ्याची जाड चटई त्यात फरशीच्या पातळीला बसते, कड वर येत नाही, दारही अडत नाही. हे टाइल्स लावतानाच सांगावं लागतं.

भिंती, दार आणि चपला

उबदार फरशीशेजारी निळसर पांढरा रंग लावला की फरशी नारिंगी आणि भिंत आजारी दिसते. सायीसारखा किंवा मोतिया पांढरा घ्या. थोडं धाडस करायचं असेल तर एका भिंतीला फिकट मेंदीचा हिरवा किंवा नीळ. विटकरी आणि हिरवा ही जोडी तर कुठल्याही कौलारू घरासमोरच्या झाडांनी आपल्याला आधीच शिकवलेली आहे. रंग डब्यावरच्या चिठ्ठीवरून ठरवू नका. भिंतीच्या खालच्या भागात, फरशीला लागून, दोन फूट बाय दोन फुटांचा पट्टा रंगवा आणि सकाळी व रात्री दोन्ही वेळा पाहा. फरशीचा रंग भिंतीवर परावर्तित होतो, म्हणून वरच्या भागातला नमुना फसवतो.

दार सागवानी, कपाट सागवानी, फरशी सागवानी दिसणारी असं झालं की आपण चॉकलेटच्या डब्यात शिरतोय असं वाटतं. आमचंच दार तसं होतं. मी कपाटाला मोतिया रंग दिला आणि हँडल पितळेची लावली, तेवढ्याने मोकळं झालं.

चपलांच्या कपाटाला साधारण तीस ते पस्तीस सेंटिमीटर खोली लागते. पॅसेज अरुंद असेल तर तिरपी उघडणारी कपाटं मिळतात, ती वीस सेंटिमीटरच्या आत बसतात. ठेवून झाल्यावर चालायला निदान नव्वद सेंटिमीटर उरायला हवेत, वॉकर वापरणारं कुणी असेल तर त्याहून जास्त. फ्लॅटवाल्यांनो, कपाट बाहेर जिन्याच्या वाटेवर ठेवू नका. आग लागली तर सगळी इमारत त्याच वाटेने उतरणार असते. आणि बसून चपला घालायला एक स्टूल हवंच, गुडघ्याएवढ्या उंचीचं, दणकट. बाबांसाठी मी हात असलेली छोटी खुर्ची ठेवली आहे.

भाड्याच्या घरात फरशी आहे ती आहे. तिथे दिवा, पायपुसणं आणि कडेला चिकटवायची खरबरीत टेप, ही तीन कामं घरमालकाला न विचारता एका रविवारी होतात.

रांगोळीचं काय?

फिकट टाइलवर पांढरी रांगोळी दिसतच नाही, म्हणून आपण आधी गेरूचा चौकोन सारवतो. विटकरी किंवा लाल फरशीवर गेरूची गरज उरत नाही. बंगालमध्ये लाल जमिनीवर तांदळाच्या पिठाच्या पाण्याने अल्पना काढतात, दक्षिणेत कोलमभोवती काव ओढतात. लाल-पांढऱ्याची ही जोडी सगळ्यांनाच आवडलेली दिसते. फक्त मातीच्या टाइल्सवर आणि जांभ्यावर रंगीत रांगोळी थेट घालू नका, रंग आत मुरतो. आणि गुळगुळीत टाइलवर रांगोळीची पूड सांडली की ती बॉल बेअरिंगसारखी काम करते, म्हणून रांगोळी येण्याजाण्याच्या वाटेत न काढता दाराच्या एका बाजूला काढा. माझ्या सासूबाई ती कायम उजव्या बाजूला काढायच्या. मला वाटायचं ती रीत असेल. बाबांनी परवा सांगितलं की डाव्या बाजूला त्यांची सायकल असायची.

प्लास्टर निघाल्यावर बाबा पहिल्यांदा पोर्चमध्ये उतरले तेव्हा काळ्या पट्टीवर पाय ठेवण्याआधी काठीने ती टोचून पाहिली. ‘‘दिसते हं,’’ म्हणाले. पिवळा दिवा मात्र त्यांना अजून पसंत नाही. त्यात पेपर वाचता येत नाही अशी त्यांची तक्रार आहे, आणि ती खरी आहे. खुर्चीच्या डोक्यावर वाचायला वेगळा दिवा लावायला इलेक्ट्रिशियन या शनिवारी येतोय.