कड्याला चिकटलेली शिंदळ माकुडी

मुलांनो, कोरड्या प्रदेशातली झाडं म्हटलं की डोळ्यांपुढे काय येतं? राजस्थान, उंट आणि काटेरी निवडुंग, होय ना? मग ठाण्या-कल्याणच्या मुलांना त्याचं काय? आपल्याकडे तर जुलैत लोकलचे रूळसुद्धा पाण्याखाली जातात!

पण एकदा कल्याणहून माळशेज घाटाने जुन्नरला जा आणि शिवनेरी गाठा. (फार पूर्वी कल्याण बंदरातला माल नाणेघाट चढून ह्याच जुन्नरला जायचा.) किल्ल्याचा उभा कडा बघा. पाऊस पडतो तो घसरून खाली जातो. फटीत माती असते चिमूटभर. पावसाळा सरला की पुढचे सात-आठ महिने तापलेला काळा कातळ. वाळवंट तरी आणखी काय वेगळं असतं?

अशा फटींतून एक झुडूप लोंबत असतं, शिंदळ माकुडी. डाल्झेल या वनस्पतिशास्त्रज्ञाने १८६४ च्या सुमारास त्याची नोंद केली आणि मुंबईचे तेव्हाचे गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांच्यावरून त्याला ‘फ्रेरिया इंडिका’ नाव दिलं. शिवनेरी, वज्रगड, सज्जनगड अशा मोजक्याच ठिकाणी ते सापडतं. महाराष्ट्राबाहेरच्या रानात कुठेही नाही! जगातल्या सर्वाधिक धोक्यातल्या बारा वनस्पतींत एकेकाळी त्याची गणना झाली होती.

गंमत त्याच्या अंगात आहे. मांसल फांद्या म्हणजे पाण्याच्या टाक्या. पावसाळ्यात त्यांना चांगली हिरवी पानं फुटतात. ती इतर झाडांसारखी दिवसा हवा घेऊन अन्न बनवतात. पाऊस गेला की पानं गळतात आणि सगळा भार फांदीवर येतो. ती आपली बारीक छिद्रं दिवसा मिटून ठेवते, म्हणजे पाणी उडून जायला नको. रात्री गारव्यात ती उघडायची, कार्बन डायॉक्साइड साठवायचा आणि दुसऱ्या दिवशी उन्हात स्वयंपाक! एकाच झाडात दिवसपाळी आणि रातपाळी! शास्त्रज्ञांनी हे १९७७ साली दाखवून दिलं.

शाळेत असताना मी हिच्या चुलतबहिणीचा, माकडशिंगीचा, तुकडा एका किल्ल्यावरून आणून डोंबिवलीच्या गॅलरीत लावला होता. आई म्हणायची, “अरे, तिला रोज कशाला पाणी?” पण मी प्रेमाने दोनदा घालायचो. पंधरा दिवसांत बाईसाहेब बुडापासून कुजल्या. माकडशिंगी निदान बऱ्याच ठिकाणी उगवते. शिंदळ माकुडीचा तुकडा असा कुणी उपटला, तर त्या फटीत पुन्हा कोण येणार? शास्त्रज्ञांनी फांद्यांपासून रोपं करून कड्यांवर लावून पाहिली आहेत, पण ते दोर बांधून करायचं काम!

तेव्हा ऑगस्ट-सप्टेंबरात शिवनेरीला गेलात तर दुर्बीण न्या. पाच कोनांची, किरमिजी रंगाची, पिवळ्या ठिपक्यांची चांदणी दिसली तर लांबूनच बघा. पुढे शिंगांसारख्या जोडशेंगा धरतात. त्या उकलल्या की रुईसारख्या म्हाताऱ्या वाऱ्यावर निघतात, आणि त्यातली एखादीच पुढच्या फटीत अडकते.