चिवड्यात मीठ दोनदा

विसरण्याच्या बाबतीत मी मोठा भाग्यवान माणूस आहे. पेशाने प्राध्यापक असल्यामुळे माझा विसराळूपणा विद्वत्तेच्या खात्यात जमा होतो. छत्री वर्गात राहिली, चष्मा कपाळावर ठेवून घरभर शोधला, तरी लोक कौतुकानेच हसतात. गडकऱ्यांच्या ‘प्रेमसंन्यास’मधल्या विसरभोळ्या गोकुळवर तर महाराष्ट्र शंभरांहून अधिक वर्षे प्रेम करीत आला आहे. पण घरातली बाई विसरू लागली की हसण्याची जात बदलते.

गेल्या दिवाळीत आमच्या सौभाग्यवतींनी चिवड्यात मीठ दोनदा घातले. फ्रीज उघडून ती उभी राही आणि विचारी, “मी इथे कशाला आले होते?” भाऊबीजेच्या पंगतीत हे किस्से मी रंगवून सांगितले. बहीण हसली, मेव्हणे हसले. हीसुद्धा हसली.

पंधरा दिवसांनी मी कॉलेजातून आलो, तर ही माझ्या आईच्या गोळ्यांचे पाकीट हातात घेऊन रडत बसली होती. रक्तदाबाची गोळी दिली की नाही, ते तिला आठवेना. “अहो, मला वेड तर लागत नाहीये ना?” तिने विचारले.

दोन वर्षांपूर्वी आईला अर्धांगवायू झाला, तेव्हा हिने शाळेतली नोकरी सोडली. रात्री दोनदा उठून आईला कुशीवर वळवायचे, पहाटे पाचला पुन्हा उठायचे. शेजारच्या खोलीत मी पेपर तपासत असे, किंवा घोरत असे.

डॉक्टरांनी रक्त, थायरॉइड, बी-१२ सारे तपासले. सगळे ठीक निघाले. मग त्यांनी विचारले, “वहिनी, सलग झोप किती तास मिळते? ताण किती दिवसांचा?” तिच्या वतीने मीच उत्तर दिले, “नोकरी तर सोडलीय. ताण कसला?” डॉक्टरांनी चष्म्यावरून माझ्याकडे नुसते पाहिले.

मग त्यांनी समजावून सांगितले. कपाळामागचा मेंदूचा भाग हा घरातल्या कारभाऱ्यासारखा असतो. गॅसवर दूध आहे, बेल वाजली, फोन आला, हे सारे क्षणभर ध्यानात धरून कशाला आधी हात घालायचा, ते तो ठरवतो. संकट आले की मेंदूत काही रसायने स्रवतात. ती बेताची असली तर माणूस तरतरीत होतो. फार झाली की कारभारी गप्प बसतो आणि केवळ सवयीने काम सुरू राहते. समोर वाघ आला तर विचार करीत बसू नये, यासाठी निसर्गाने केलेली ही सोय. “पण वाघ निघून जातो,” डॉक्टर म्हणाले, “काळजी मुक्कामाला राहते.” गोळीची आठवण पुसली गेली नव्हती, देताना ध्यानच तिथे नव्हते, त्यामुळे ती नोंदलीच गेली नाही.

स्वीडनमध्ये 2005 पासून या अवस्थेला आजार म्हणून अधिकृत स्थान आहे. निदान सहा महिने ताण, त्यातून आलेली पराकाष्ठेची शक्तिहीनता, आणि जोडीला विस्मरण, निद्रानाश, चिडचिड, घाई सहन न होणे, अशी त्याची लक्षणे. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये ‘बर्नआउट’ची व्याख्या केली, ती मात्र नोकरीधंद्यापुरतीच. स्वीडनच्या व्याख्येत ताण कुठला, कचेरीतला की घरातला, असा भेद नाही. आमच्या घराला तीच लागू पडली.

या माणसांची परीक्षा घेतली तर मार्क बहुधा थोडेच कमी पडतात. पण ते मिळवताना ती पार गळून जातात. मार्कांवरून माणूस ओळखणाऱ्या आम्हा मास्तरांना ते कसे दिसावे? बरे होणेही सावकाशच असते. स्वीडनमधल्या कित्येक रुग्णांना सात वर्षांनंतरही थकवा आणि विस्मरण जाणवत होते. चार दिवसांच्या सुट्टीने किंवा बदामांच्या खुराकाने हे भागत नाही. ओझेच कमी करावे लागते.

आता रात्रीसाठी एक मावशी ठेवल्या आहेत. गोळ्या मी देतो आणि लगेच कॅलेंडरवर खूण करतो. पहिल्याच आठवड्यात खूण करायला दोनदा विसरलो, तेव्हा त्या पाकिटाची भीती मला कळली. ही आता सलग सहा तास झोपते. एका वेळी एकच काम करते. पूर्वीसारखी अजून झालेली नाही. तरी परवा पुस्तक उघडून तिने वीस पाने वाचली आणि काय वाचले ते मला सांगितले. एरवी मीच बोलत असतो, त्या दिवशी गप्प बसून ऐकले.

यंदाचा चिवडा मी करणार आहे. मीठ घातल्याबरोबर कॅलेंडरवर खूण करायची, असा हुकूम झाला आहे. भाऊबीजेला बहीण-मेव्हणे येतील, तेव्हा किस्सा सांगण्याची पाळी हिची आहे.